मागचा एकच टायर बदलायचाय? आधी त्याचा जोडीदार दाखवा

(ट्रकमालक आणि चालक मंडळींसाठी)

“मागचा एक फुटलाय, एकच द्या, पण चांगल्यातला द्या.” आमच्या दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारी ही मागणी. आम्ही टायर लगेच काढून देत नाही. आधी विचारतो, शेजारचा किती झिजलाय? घाईतल्या माणसाला याचा राग येतो. माल भरलेला, गाडी रस्त्याकडेला उभी, आणि दुकानदार चौकशा करत बसलाय. राग समजतो, पण विचारल्याशिवाय टायर देणं आम्हाला पटत नाही.

कारण असं. मागे दोन टायर एकाच हबला आवळलेले असतात, त्यामुळे दोघांचे फेरे सारखेच पडतात. नव्या लग टायरची, म्हणजे आडव्या जाड खाचांच्या टायरची, नक्षी साधारण २० मिमी खोल धरा. शेजारच्याची ८ मिमी उरलीय. वर-खाली मिळून उंचीत २४ मिमीचा फरक पडला, घेरात साडेसात सेंटिमीटरचा. १०.०० आर २० मापाचा टायर किलोमीटरला तीनशेच्या आसपास फेरे मारतो. म्हणजे दर किलोमीटरला हे दोघे वीस मीटरहून जास्त एकमेकांशी ओढाताण करतात. भार पडला की उंच टायर दबतो आणि बराच फरक भरून निघतो, हे खरं आहे. पण दबतो म्हणजेच जोडीदाराच्या वाटचं वजन तो उचलतो. उसाची नाहीतर खडीची गाडी असेल तर तो तापतो, खांद्यापाशी रबर सुटू लागतं आणि शेवटी नवाच टायर फुटतो. बुटका रस्त्यावर घासत राहतो, त्याची उरलीसुरली नक्षीही लवकर जाते. असा टायर क्लेमला, म्हणजे कंपनीकडे भरपाईसाठी, पाठवून उपयोग होत नाही, जादा भाराने तापलेला टायर तपासणाऱ्याला ओळखू येतो.

म्हणून जोडीत उंचीचा फरक ६ मिमीच्या वर असेल तर आम्ही टायर चढवत नाही. नक्षीत मोजलं तर ३ मिमी. तेवढ्या मर्यादेतला फरक असेल तर उंच टायर बाहेरच्या बाजूला लावतो, कारण रस्ता मधोमध फुगीर असतो, एक्सलही भाराने किंचित वाकतो, आणि आतल्या टायरवर आधीच जास्त वजन येतं.

शेजारचा बराच झिजला असेल तर दोन वाटा आहेत. नवे दोन एका जोडीत घ्या आणि निघालेला चांगला टायर स्टेपनीला ठेवा. मात्र डाव्या आणि उजव्या जोडीतही फार अंतर पडू देऊ नका, सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला (दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळे फेरे घेऊ देणाऱ्या गिअरला) उगाच काम लागतं. दुसरी वाट स्वस्त आहे. आमच्याकडे अर्धे चाललेले टायर नक्षी मोजून, आतून तपासून, खडूने मिमी लिहून ठेवलेले असतात. त्यातला जोड मिळाला तर तोच घ्या. नवा विकण्यापेक्षा यात आम्हाला कमी सुटतं, तरी आम्ही आधी हेच सुचवतो.

मापाबरोबर बाजूवरचा भाराचा आकडाही वाचा. १४६/१४३ लिहिलेला टायर एकटा ३००० किलो पेलतो, जोडीत २७२५. चार टायरचे झाले १०,९०० किलो. जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. म्हणजे कायद्याने चालणारा पूर्ण भार भरलात तरी हा टायर अपुरा पडतो. त्याच मापात १४९/१४६ घेतला तर जोडीत ३००० प्रमाणे १२ टन होतात. दोघांच्या किमतीत फरक आहे, पण सहाचाकी गाडी रोज पूर्ण भरत असाल तर आम्ही दुसराच देऊ.

बाकी थोडक्यात. पुढे रिब (सरळ खाचांचा), मागे लग. पण पुणे-बंगळूर रस्त्यावरच गाडी पळत असेल तर मागेही कमी खोल नक्षीचा टायर घ्या, तापणं आणि डिझेल दोन्ही वाचतं. खाणीत, मुरमात चालणाऱ्याला मात्र खोल लगच हवा. एका एक्सलवर नायलॉन आणि रेडियल या दोन बांधणीचे टायर मिसळू नका. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर) मागे खुशाल वापरा, पुढे आम्ही बसवून देत नाही, कितीही आग्रह केलात तरी. कोणत्याही टायरची नक्षी १.६ मिमीपर्यंत आली की तो कायद्यानेही बाद.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. फोंडा घाट उतरून आल्यावर आकडा चढलेला दिसतो म्हणून हवा काढणारे चालक आहेत. तसं करू नका, टायर थंड झाला की तो कमी हवेवर धावतो आणि आणखी तापतो. आतल्या टायरची हवाही मोजा. हात पोचत नाही म्हणून तोच राहून जातो. त्यासाठी लांब नळीचा व्हॉल्व्ह आमच्याकडे मिळतो.

क्लिनरला रिकाम्या रिंगसह पाठवणार असाल तर निघण्याआधी जोडीदाराचे दोन फोटो काढून पाठवा. एक बाजूवरच्या आकड्यांचा, एक नक्षीत उभी धरलेली पट्टी दिसेल असा. गाडीच घेऊन येत असाल तर भरलेली की रिकामी ते फोनवर सांगा, म्हणजे जॅक आणि लाकडाचे ठोकळे त्याप्रमाणे काढून ठेवतो. नक्षी मोजण्याचे पैसे आम्ही घेत नाही, टायर कुठूनही घेतलेला असो.