व्हिएन्नाच्या कोचापासून आपल्या ओपीडीपर्यंत : मनोविश्लेषण कसं बदलत आलं

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही मानसोपचाराच्या ओपीडीत बघा, पेशंट एक आणि सोबत दोन-तीन जण, डॉक्टरने विचारलं की उत्तर सासू देते नाहीतर मोठा भाऊ. पेशंट स्वतः एवढंच म्हणते, मना जीव घाबरस. मागे रांग असते म्हणून चिठ्ठी लगेच लिहून होते, गोळ्या मिळतात, आणि गोळ्या बऱ्याचदा लागतातच, त्यावर वाद नाही, पण जीव कशाने घाबरतो ते सांगायचं राहूनच जातं.

ते सांगायला वेळ देणारी पद्धत म्हणजे मनोविश्लेषण. ती काढली व्हिएन्नाच्या फ्रॉइड या डॉक्टरने; त्याचं आणि ब्रॉयर या दुसऱ्या डॉक्टरचं हिस्टेरियावरचं (मनाच्या ताणातून शरीरावर उमटणाऱ्या आजारावरचं) पुस्तक १८९५ चं. पुढे फ्रॉइडची पद्धत ठरली ती अशी, आठवड्याचे सहा दिवस रोज एक तास, पेशंट कोचावर पडून मनात येईल ते बोलणार आणि फ्रॉइड डोक्यामागे खुर्चीत, कारण दिवसभर कुणी आपल्याकडे टक लावून बघितलेलं त्याला सहन व्हायचं नाही. एवढा वेळ आणि पैसा अर्थातच खात्यापित्या घरच्यांकडेच.

म्हणून लोक म्हणतात हे श्रीमंतांचं काम, आपल्या काय उपयोगाचं. मला हे अजिबात पटत नाही, कारण १९१८ मध्ये, पहिलं महायुद्ध संपत आलेलं असताना, बुडापेस्टच्या परिषदेत खुद्द फ्रॉइडच म्हणाला की गरिबालाही मनाच्या उपचाराचा तेवढाच हक्क आहे, त्यासाठी मोफत दवाखाने निघतील आणि तेव्हा या शुद्ध पद्धतीत दुसऱ्या उपायांची भेसळ करावी लागेल. १९२० मध्ये बर्लिनला तसा दवाखाना निघाला, १९२२ मध्ये व्हिएन्नात. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये खचलेले सैनिक इतके की एकेकाला तास देणं शक्यच नव्हतं, तेव्हा बियॉन आणि फुल्क्स या डॉक्टरांनी त्यांना गटात बसवून काम केलं.

आणि आपल्या देशातलं तर फार कमी लोकांना माहीत असतं. १९२२ मध्येच कलकत्त्यात डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. (आपल्या अमळनेरला प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं ते त्याच्या सहा वर्षं आधी, म्हणजे असल्या विचाराला पैसा आणि जागा द्यायची दानत खान्देशातही होती.) बोस फ्रॉइडला पत्रं लिहायचे आणि स्पष्ट कळवायचे की माझे बंगाली पेशंट तुमच्या युरोपातल्या पेशंटसारखे नाहीत, तुमचा सिद्धांत इथे जसाच्या तसा लागू होत नाही. फ्रॉइडला ते सगळं पटलं नाही, पण पत्रव्यवहार चालू राहिला. १९४० मध्ये कलकत्त्यात लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालयही निघालं.

आता आजचं दुःख बघा. फ्रॉइडच्या पेशंटला समाजाची बंधनं काचत होती, आपल्याकडे तीही आहेतच, पण त्यावर कापसाचा भाव पडलेला, सोसायटीचं कर्ज थकलेलं, नवरा सुरतला कामाला, पोरगा एमपीएससीच्या मागे वय घालवून आता घरात कुणाशी बोलत नाही, रात्रभर मोबाईल. जुन्या मनोविश्लेषणासारखं या सगळ्याचं मूळ बालपणात शोधत बसलं तर माणूस दुसऱ्यांदा येणार नाही, आणि नुसतं परिस्थितीवर ढकललं तरी त्याच गावात, त्याच कर्जात एक जण तग धरतो आणि दुसरा का मोडतो ते कळत नाही. दोन्ही ऐकावं लागेल.

घरात बंद दार नसतं हा आणखी वेगळा प्रश्न. कोरोनात जगभरातले विश्लेषक फोनवर आले, इथेही एखादी बाई गच्चीवरून किंवा केळीच्या बागेतून बोलू शकते, तिला कोच कशाला पाहिजे? पाहिजे ते अहिराणी, लेवा, भिली, पावरी समजणारं माणूस. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, २०२२ पासून टेलिमानस या सरकारी फोन-सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास आहे, आणि अडचणीत पहिला फोन तिथे करावाच. पण पुढच्या आठवड्यात ठरलेल्या वेळी तोच माणूस परत ऐकेल, मागचं त्याला आठवत असेल, ही सोय अजून सरकारी यंत्रणेत बसवायची आहे, आणि त्यासाठी आपल्या कॉलेजांत मानसशास्त्र शिकलेल्या पोरापोरींना ट्रेनिंग आणि पगार दोन्ही द्यावं लागेल.