तीन टेकाडं, एक शारुहेन

इजिप्तमध्ये नाईलच्या पूर्व काठाला एल-काब इथे डोंगरात कोरलेलं एक थडगं आहे. त्याच्या भिंतीवर एका आरमारी सैनिकाने आयुष्यभराच्या चाकरीचा हिशेब कोरून ठेवलाय. नाव अहमोस, एबाना नावाच्या बाईचा मुलगा. राजाचं नावही अहमोसच, त्यामुळे वाचताना जरा घोळ होतो. त्यातली एक नोंद अशी: शारुहेन या गावाला तीन वर्षं वेढा पडला, राजाने ते लुटलं, आणि मी लुटीत दोन बायका व एक हात आणला.

हात म्हणजे मारलेल्या शत्रूचा तोडलेला पंजा. किती मारले हे मोजायची ती रीत होती. २०११ साली नाईलच्या त्रिभुज प्रदेशात, अवारिस इथल्या राजवाड्याच्या अंगणात असे उजवे पंजे खड्ड्यांत पुरलेले सापडले. हाडांच्या तपासणीतून ते किमान १२ जणांचे निघाले.

अवारिस ही हिक्सोस राजांची राजधानी. आशियाई वंशाच्या या राजांनी साधारण शंभर वर्षं उत्तर इजिप्तवर राज्य केलं. इ.स.पू. सोळाव्या शतकात अहमोसने अवारिस घेतलं आणि मग मोर्चा वळवला तो वाळवंटापलीकडच्या शारुहेनकडे. कनानच्या (आजच्या इस्रायल-पॅलेस्टाईन भागाच्या) वेशीवरचं हे तटबंदीचं गाव शत्रूच्या हाती राहू देणं इजिप्तला परवडणारं नव्हतं. पुढे इजिप्तच्या तिसऱ्या थुटमोस राजाच्या मोहिमेच्या वृत्तांतातही त्याचं नाव येतं, तेव्हा तिथे इजिप्तची शिबंदी होती. एवढं नावाजलेलं ठिकाण, पण नकाशावर बोट कुठे ठेवायचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

दावेदार तीन, आणि गंमत म्हणजे तिन्ही एकाच ओढ्याच्या, वादी गाझाच्या, खोऱ्यात. तेल एल-अजूल (‘तेल’ म्हणजे टेकाड) मुखाशी, समुद्राजवळ. तेल एल-फराह वरच्या अंगाला. तेल हरोर एका उपनदीवर, आणखी आत. तिन्ही पांढरीची, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या थरांची, टेकाडं, तिन्हींना त्या काळची तटबंदी आणि खंदक, म्हणजे त्यावरून निवड करायची सोय नाही.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १९२८च्या सुमारास फराह खणलं आणि त्याला बायबलमधलं बेथ-पेलेत ठरवलं. पुढे अजूल खणलं, ते त्यांच्या मते प्राचीन गाझा. फराह म्हणजेच शारुहेन, असं अमेरिकन पुरातत्त्वज्ञ विल्यम ऑलब्राइट यांनी सुचवलं आणि ते बरीच वर्षं चाललं. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात शारुहेन शिमोन वंशाच्या गावांत, बीरशेबाच्या बाजूला येतं, त्याच्याशी हे जुळतं. पण तीन वर्षं इजिप्तच्या फौजेला दाद न देणारं ठिकाण म्हणून फराह लहानच वाटतं. १९७०च्या दशकात इस्रायली पुरातत्त्वज्ञ अहरोन केम्पिन्स्की यांनी अजूलचं नाव पुढे केलं. तिथे हिक्सोस काळातले भुंग्याच्या आकाराचे शिक्के शेकड्यांनी मिळाले, शिवाय सोन्याच्या दागिन्यांचे साठे. माझा कल अजूलकडे आहे, पण ते यहोशवाच्या पुस्तकातल्या शिमोनच्या गावांपासून दूर पडतं, ही अडचण उरतेच. हरोरचे समर्थक नेमकं याच्यावर बोट ठेवतात.

मग कार्बन डेटिंग कशाला आहे? २०१०मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने इजिप्तच्या राजवटींसाठी संग्रहालयांतल्या बिया, टोपल्या, कापड यांचे दोनशेहून अधिक नमुने मोजले. कोणता नमुना कोणत्या राजाच्या काळातला हे आधीच ठाऊक होतं. तरी अहमोसच्या नव्या राजवटीचा आरंभ इ.स.पू. १५७० ते १५४४ इतकाच आवळता आला. टेकाडावर वेढ्यातल्या आगीचा थर मिळाला, तरी अशी सोय नसते. जळालेला वासा जुन्या झाडाचा असेल, तर तारीख आगीच्या कितीतरी आधीची येते. खापरांच्या घडणीवरून फार तर पिढी कळते. ती आग अहमोसने लावली की त्याच्या एखाद्या वारसाने, हे त्यावरून सांगता येत नाही.

कनानमधल्याच गेझेर या गावाचा प्रश्न सोपा सुटला. १८७४ साली तिथल्या खडकावर ‘गेझेरची हद्द’ असा कोरीव लेख मिळाला. शारुहेनच्या बाबतीत मातीची पाटीही चालेल. इजिप्तमधल्या अमार्ना इथे मातीच्या पाट्यांवरच्या पत्रांचा संग्रह मिळाला, त्यात अलाशिया नावाच्या राज्याच्या राजाची पत्रं आहेत. त्यांच्या मातीतले खनिजकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर माती सायप्रसची निघाली. शारुहेनच्या अधिकाऱ्याचं असं एखादं पत्र हाती आलं, तर किनाऱ्याची माती आणि आतली माती यांची तुलना तरी करता येईल.

अजूलवर १९९९ आणि २०००मध्ये पॅलेस्टिनी-स्वीडिश पथकाने पुन्हा खणायला घेतलं होतं. दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला आणि काम तिथेच थांबलं.