वरून खाली जातं, मग खालून वर का नाही?

घरात वायफाय पुरत नाही म्हणून दुसरा राऊटर आणून लावला की घरचं नेटवर्क वाढतं, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. राऊटर खोक्यातून काढला आणि पहिल्या राऊटरची केबल दुसऱ्याच्या त्या वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टात (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीच्या भोकात) नुसती खुपसली, तर घरात दोन नेटवर्क तयार होतात, एकाच्या पोटात दुसरं, आणि मग "वायफाय फुल्ल दाखवतंय पण प्रिंटर सापडत नाही" ही तक्रार सुरू होते. लोक राऊटरला नावं ठेवतात, जास्त अँटेनावाला महागडा आणतात आणि तोही तसाच लावतात.

माझ्या मावशीचं साताऱ्याकडचं घर घ्या. खाली जुनं दगडी बांधकाम, दीड-दोन फुटी भिंती, वर नंतर चढवलेला मजला. फायबरचा डबा, म्हणजे पहिला राऊटर, खाली पुढच्या खोलीत, त्याच्या नेटवर्कमधले पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे. वरच्या मजल्यावर दुसरा राऊटर, त्याने आपले वेगळे १९२.१६८.० वाले पत्ते वाटायला घेतलेले. मावसभाऊ वर बसून खालच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकतो, चित्र दिसतं. मावशी खाली टीव्हीसमोर बसून वरच्या हार्डडिस्कवरचे नातवंडांचे फोटो बघायला जाते, तर काहीच येत नाही. केबल तीच, राऊटर तेच, पण एका दिशेने जातं आणि दुसऱ्या दिशेने नाही. हा एकतर्फीपणा मला नेटवर्किंगमधली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, कारण तो नीट समजला की पुण्यातून किंवा थेट न्यू जर्सीतून त्या घरात कसं शिरायचं हेही समजतं.

तर होतं काय. समजा वरच्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.२३. तो कॅमेऱ्याला म्हणजे १९२.१६८.१.४० ला पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पाठवतो. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट नंबर (हे केबलचं भोक नव्हे, एकाच यंत्रावरची वेगवेगळी संभाषणं ओळखायचा आकडा) असतो, समजा पोर्ट ५०१२३. वरचा राऊटर ते पॅकेट उचलतो, पाठवणाऱ्याचा पत्ता खोडतो आणि तिथे स्वतःचा खालच्या बाजूचा पत्ता लिहितो, समजा १९२.१६८.१.७ आणि पोर्ट ६१००४. सोबत आपल्या मेमरीतल्या एका तक्त्यात नोंद करतो: ६१००४ वर कॅमेऱ्याकडून काही आलं तर ते ०.२३ च्या ५०१२३ ला द्यायचं. कॅमेऱ्याला लॅपटॉप दिसतच नाही, त्याला वाटतं हा राऊटरच बोलतोय, म्हणून तो राऊटरला उत्तर देतो, राऊटर तक्ता बघतो आणि उत्तर बरोबर पोचतं. याला नॅट म्हणतात.

आता उलट बाजू. टीव्हीने १९२.१६८.० वाल्या पत्त्यावर पॅकेट पाठवलं तर ते फायबरच्या डब्याकडे जातं, त्याला असं काही नेटवर्क माहीतच नाही, तो ते बाहेर इंटरनेटकडे ढकलतो आणि तिथे ते मरतं. बरं, वरच्या राऊटरच्या १.७ या पत्त्यावर पाठवलं तरी राऊटर तक्ता बघतो, नोंद नाही, फेकून देतो. सोसायटीचा वॉचमन जसा ज्याने ऑर्डर दिलीय त्याचंच पार्सल आत सोडतो, तसं. आतून आधी कोणीतरी बोललं पाहिजे, मगच बाहेरच्याला आत येता येतं.

हे सगळं आलं कारण पत्ते कमी पडले. हे पत्ते ज्या आयपी नावाच्या नियमांनी ठरतात त्याची जुनी चौथी आवृत्ती ३२ बिटांची, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि माणसंच ८०० कोटींच्या वर. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी नॅटची कल्पना मांडली तेव्हा तो तात्पुरता उपाय म्हणूनच मांडला होता. फेब्रुवारी १९९६ मध्ये १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवल्याचं पक्कं झालं, म्हणून आज जगातल्या कोट्यवधी घरांत तेच १९२.१६८.१.१ सापडतं. तात्पुरता उपाय तीस वर्षं होऊन गेली तरी चालूच आहे.

घरातल्या दोन राऊटरचा उपाय मात्र सोपा आहे. दुसऱ्याला राऊटर म्हणून राबवायचंच नाही. सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (नुसतं वायफाय पुरवायचं, वेगळं नेटवर्क बनवायचं नाही) असेल तर तो चालू करायचा, संपला विषय. नसेल तर त्या राऊटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करायचा (पहिला राऊटर जी रेंज वाटतो तिच्या बाहेरचा बघून), त्याचं डीएचसीपी बंद करायचं म्हणजे तो पत्ते वाटणार नाही, आणि खालून आलेली केबल वॅनमध्ये न लावता लॅन, म्हणजे घरातल्या वस्तूंसाठीच्या, पोर्टात लावायची. आता सगळं घर एका नेटवर्कमध्ये. प्रिंटर आणि कास्टिंगवाले टीव्ही स्वतःची ओळख आपल्या नेटवर्कपुरती हाळी देऊन सांगतात, ती हाळी राऊटर ओलांडत नाही, ॲक्सेस पॉइंट ओलांडते. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, पण २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल वेगळे ठेवा, १, ६ आणि ११ यातलेच, कारण तेवढेच एकमेकांवर चढत नाहीत. आणि शक्य असेल तर खालून वर केबलच टाका, शंभर मीटरपर्यंत काही अडचण नाही. साधा वायरलेस रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. इतकं करूनही मोबाईल जिना चढल्यावर खालच्याच राऊटरला चिकटून बसला तर दोष राऊटरचा नाही, कुठे जोडायचं हे मोबाईल ठरवतो, राऊटर नाही. खालच्याची पॉवर थोडी कमी केली की तो लवकर सोडतो.

इथे एक सांगून टाकतो. विजेची वस्तू म्हणून राऊटर आग्नेय कोपऱ्यात ठेवायचा असं वास्तूवाले सांगतात आणि लोक खरंच ठेवतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर, ५ गिगाहर्ट्झची सहाएक सेंटीमीटर, त्यांना भिंत, लोखंड आणि पाणी कळतं, दिशा कळत नाही. कोपऱ्यात ठेवलेला राऊटर निम्म्याहून जास्त सिग्नल घराबाहेर फेकतो. घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळा ठेवा.

आता बाहेरून घरात यायचं. जुना सल्ला असा की पोर्ट फॉरवर्डिंग करा, म्हणजे तक्त्यात हाताने एक कायमची नोंद टाका. मावसभावाने केलं, घराचा पत्ता बदलत राहतो म्हणून डायनॅमिक डीएनएसचं (बदलत्या पत्त्यामागे आपोआप फिरणारं) नाव पण घेतलं, तरी पुण्यातून काही दिसेना. कारण बऱ्याच इंटरनेट कंपन्या स्वतःच्या यंत्रणेत अजून एक नॅट चालवतात, सीजीनॅट, म्हणजे तुमच्या घराला खरा सार्वजनिक पत्ता मिळालेलाच नसतो. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले पत्त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे वाटून झाले आणि एप्रिल २०१२ मध्ये याच कामासाठी १००.६४ ते १००.१२७ ही सुमारे ४२ लाख पत्त्यांची पट्टी राखून ठेवली गेली. तपासणं अगदी सोपं: राऊटरच्या स्टेटस पानावरचा वॅनचा पत्ता बघा आणि "माझा आयपी काय" सांगणाऱ्या एखाद्या साइटवरचा बघा. दोन्ही वेगळे असतील तर मधे कोणीतरी बसलंय. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर नक्कीच. एका सार्वजनिक पत्त्याला पोर्ट ६५,५३६, एका ग्राहकाला समजा दोन हजार दिले तरी बत्तीस घरं एका पत्त्यात कोंबता येतात, आणि मग त्यातल्या एकाने कुठे उद्योग केले की बाकीच्यांना "तुम्ही रोबो आहात का" विचारलं जातं. तुमच्या राऊटरमधली नोंद कितीही बरोबर असली तरी कंपनीच्या तक्त्यात नोंद नाही, आणि तिथे हात घालायची तुम्हाला सोय नाही.

म्हणजे घर नॅटच्या मागे, पुण्यातला फोनही नॅटच्या मागे. दोघांनाही आधी आतून बोललेलं पाहिजे, आणि दोघंही बाहेरून आलेलं ऐकत नाहीत. तरीही हे दोघं मधे कोणालाही न घेता थेट बोलू शकतात, आणि त्याची युक्ती इतकी देखणी आहे की ती सांगायलाच मी हे लिहायला घेतलं. तिला होल पंचिंग म्हणतात. २००५ मध्ये ब्रायन फोर्ड, पायडा श्रीसुरेश आणि डॅन केगल यांनी तिचा नीट अभ्यास छापला.

दोघंही इंटरनेटवरच्या एका उघड्या सर्व्हरला एक पॅकेट पाठवतात. सर्व्हरला दिसतं की घराचं पॅकेट, समजा, २०३.०.११३.५ च्या ४१००० पोर्टवरून आलं आणि फोनचं १९८.५१.१००.९ च्या ३३००० वरून (हे दोन्ही पत्ते उदाहरणांसाठी राखीव आहेत, कोणाच्या घरचे नाहीत). सर्व्हर दोघांना एकमेकांचे नंबर सांगतो आणि त्याचं काम संपतं. आता घर थेट फोनच्या पत्त्यावर पॅकेट पाठवतं. फोनच्या बाजूच्या नॅटला ते अनोळखी, तो ते फेकून देतो. पण ते पॅकेट पोचण्यासाठी पाठवलेलंच नव्हतं! ते घराच्या नॅटमधून बाहेर पडलं तेव्हा घराच्या तक्त्यात नोंद झाली की आपण १९८.५१.१००.९ शी बोलतोय. त्याच सुमारास फोन घराच्या पत्त्यावर पॅकेट पाठवतो, घराचा नॅट तक्ता बघतो, अरे हा तर आपल्यानेच बोलावलेला, आणि आत सोडतो. घर उत्तर देतं, फोनच्या नॅटमध्येही आता नोंद आहे, तेही आत. दोन्ही नॅटनी आपापला नियम काटेकोर पाळला, एकानेही बाहेरच्याला न विचारता आत घेतलं नाही, तरी रस्ता उघडला. वाया गेलेल्या त्या पहिल्या पॅकेटनेच काम केलं.

यात एक अट आहे. आतल्या एका पोर्टला नॅटने बाहेर कायम तोच पोर्ट द्यायला हवा, समोर कोणीही असो. काही नॅट समोरचा बदलला की नवा पोर्ट देतात, मग सर्व्हरने पाहिलेला ४१००० हा नंबर फोनसाठी निरुपयोगी, खरा नंबर ६५,५३६ पैकी कुठलाही. एकेक करून शोधत बसलं तर फार वेळ. पण अवघड नॅट एकाच बाजूला असेल तर त्या बाजूने एकाच वेळी २५६ सॉकेट (प्रत्येकाला स्वतःचा पोर्ट असलेली जोडणी) उघडून समोरच्याला पॅकेटं पाठवायची, म्हणजे तिच्या नॅटवर २५६ वेगवेगळे पोर्ट उघडे होतात. समोरची बाजू आता वाटेल त्या पोर्टवर ठोकायला लागते, प्रत्येक ठोक्याला लागायची शक्यता २५६ मध्ये एक. २५६ ठोक्यांत एकदा तरी लागायची शक्यता ६३ टक्के, १०२४ ठोक्यांत ९८ टक्के. एका वर्गात २३ मुलं असली तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्यापेक्षा जास्त निघते, ते गणित याच घराण्यातलं. दोन्हीकडे असे अवघड नॅट असले तर मात्र हे जमत नाही, मग मधला सर्व्हर सगळा डेटा वाहून नेतो, हळू पण चालतं.

उघडलेला रस्ता टिकवावा पण लागतो. नॅटच्या तक्त्यातल्या अशा नोंदी वापर नसला की पुसल्या जातात, बऱ्याच ठिकाणी तीसेक सेकंदांत. म्हणून वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये (दोन ठिकाणांमध्ये इंटरनेटवरून कुलूपबंद खासगी बोगदा बांधणारं सॉफ्टवेअर) दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट पाठवायची सेटिंग सुचवतात. तो २५ आकडा तीसच्या थोडा आत राहायला घेतलेला आहे. वायरगार्ड हे जेसन डोनेनफेल्ड यांचं, मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये म्हणजे गाभ्यात आलं, आणि टेलस्केलसारख्या सोयी त्याच्यावर ही सगळी होल पंचिंगची खटपट तुमच्यासाठी करून देतात. मावशीकडे वरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून तेच बसवलंय. तो लॅपटॉप घरच्या नेटवर्ककडे जाणारा रस्ता म्हणून काम करतो, त्यामुळे कॅमेऱ्यावर काही टाकावं लागलं नाही. त्याआधी घरचं नेटवर्क १९२.१६८.१ वरून १९२.१६८.५७ वर नेलं, कारण पुण्याच्या घरीही १९२.१६८.१ च होतं आणि फोनला कळेना की १.४० म्हणजे कुठला.

व्हीपीएनच्या जाहिरातीत "मिलिटरी ग्रेड" वगैरे शब्द असतात, त्याच्या नादी लागू नका. तुमच्या बँकेची साइट त्याच तोडीचं एन्क्रिप्शन रोज वापरते. त्या विकतच्या व्हीपीएनने तुम्ही कंपनीच्या सर्व्हरमधून बाहेर पडता, घरात शिरत नाही, ते कामच वेगळं. खरा धोका साधा असतो: कॅमेऱ्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड तसाच ठेवून पोर्ट उघडा टाकणं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डच्या जोड्या वापरून लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारे डबे) काबीज केले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) कंपनीवर हल्ला होऊन ट्विटर, नेटफ्लिक्ससकट बऱ्याच साइट अमेरिकेत बंद पडल्या. राऊटरमधलं यूपीएनपी बंद करा, ते आतल्या कुठल्याही वस्तूला न विचारता पोर्ट उघडू देतं.

सीजीनॅटच्या मागे असलात तरी आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा पत्ता तुमच्याकडे बहुतेक आहेच, भारत त्यात जगात पुढे आहे. १२८ बिट, प्रत्येक वस्तूला खरा पत्ता, नॅटची गरजच नाही. फक्त राऊटरचं फायरवॉल, म्हणजे आत येणारं अडवणारा पहारा, तिथेही आतून बोलल्याशिवाय बाहेरच्याला सोडत नाही, त्यामुळे दोन्हीकडून पॅकेट पाठवायची ती युक्ती लागतेच, पण पोर्ट बदलत नसल्यामुळे ती पहिल्याच फटक्यात लागते, २५६ सॉकेटं उघडत बसावं लागत नाही.