अर्धा तास म्हणजे नेमका किती? घरी शिकणाऱ्या मुलांचं वेळेचं भान

मुलाला शाळेत न पाठवता घरीच शिकवायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिल्याच आठवड्यात भिंतीवर वेळापत्रक लागतं. नऊ ते दहा गणित, दहा ते अकरा विज्ञान, मग मधली सुट्टी. मुलाला वेळेची शिस्त लागावी हा त्यामागचा हेतू अगदी खरा असतो. तरीही महिनाभरात "आवर लवकर, दहा वाजले" हे वाक्य घरात दिवसभर ऐकू यायला लागतं. यात मुलाचा आळस कमी आणि वयाचा भाग जास्त असतो.

वेळ हे लहान मुलासाठी फार अवघड प्रकरण आहे. १९२८ साली दावोसला आइन्स्टाइनने मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेला विचारलं होतं, की मुलांना आधी काय उमगतं, वेळ की वेग? पुढे पियाजेने त्यावर प्रयोग केले. दोन बाहुल्या एकाच क्षणी निघतात आणि एकाच क्षणी थांबतात, पण एक भरभर चालून पुढे जाते. चार-पाच वर्षांची बरीच मुलं ठामपणे सांगत, की पुढे गेलेली बाहुली जास्त वेळ चालली. या वयात अंतर आणि वेळ यांचा गुंता सुटलेला नसतो. अशा मुलाला "अर्ध्या तासात संपव" म्हणून काही उपयोग नाही. त्याला "आजोबा फिरून येईपर्यंत" हे कळतं.

साधारण सात-आठ वर्षांनंतर हा गुंता सुटू लागतो, आणि मग खरी गंमत सुरू होते. १९८५ साली स्टीफन सेसी आणि युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १० आणि १४ वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग घरी शिकवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. मुलांना एक साधं काम दिलं होतं: भट्टीत ठेवलेले छोटे केक ३० मिनिटांनी बाहेर काढायचे. तोवर व्हिडिओ गेम खेळायला मोकळीक. घड्याळ असं ठेवलं होतं, की बघायचं तर मान वळवावीच लागे. त्यामुळे कोण कधी बघतंय याची नोंद सहज करता येई. काही मुलांनी हे काम स्वतःच्या घरी केलं, काहींनी प्रयोगशाळेत.

घरी असलेली मुलं सुरुवातीच्या काही मिनिटांत वरचेवर घड्याळ बघत. मग बराच वेळ त्यांचं तिकडे लक्षच नसे, ती खेळात रमून जात. शेवटची मिनिटं जवळ आली की पुन्हा माना वळू लागत. संशोधकांचं म्हणणं असं, की गाण्याआधी तंबोरा लावून घ्यावा तशी ही मुलं सुरुवातीला मनातलं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून घेत होती. एकदा ते जुळलं की त्याच्या भरवशावर बिनघोर खेळता येत होतं. प्रयोगशाळेतल्या अनोळखी जागेत हे तितकंसं साधलं नाही. तिथली मुलं एकूणच जास्त वेळा घड्याळ बघत राहिली.

म्हणजे ओळखीच्या, निवांत घरात मुलं वेळेशी फार हुशारीने वागू शकतात. अट एकच, घड्याळ त्यांनी स्वतः बघितलं पाहिजे. आपण दर दहा मिनिटांनी "एवढी राहिली, तेवढी राहिली" असं ओरडलो, तर मनातलं घड्याळ जुळवायची मुलाला गरजच पडत नाही. माझ्या मते घरच्या शाळेत हेच सगळ्यात जास्त नुकसान करतं, आणि तेही प्रेमापोटी.

त्याऐवजी आमच्याकडे एक वही चालते. काम सुरू करण्याआधी "किती वेळ लागेल?" आणि झाल्यावर "किती लागला?" असे दोनच रकाने. अपूर्णांकांच्या बेरजांपुढे मुलगी आत्मविश्वासाने पाच मिनिटं लिहिते आणि लागतात बावीस. मग तीच शोधून काढते, की पेन्सिलीला टोक करणं, पाणी पिणं, अडलेलं गणित खोडून पुन्हा मांडणं हे सगळं तिच्या पाच मिनिटांत धरलेलंच नव्हतं. या वहीवरून मुलांना बोलू मात्र नये. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असा अंदाज दिला, आणि लागले जवळपास ५५ दिवस. अंदाज कमी येणं हा माणसाचा स्वभावच आहे. तो सुधारतो तो झालेल्या कामाच्या नोंदी डोळ्यांसमोर असल्या की.

मोकळ्या वेळेचाही विचार हवा. कोलोरॅडो विद्यापीठात सहा-सात वर्षांच्या ७० मुलांचा दिनक्रम तपासला गेला. ज्यांच्या दिवसात मोठ्यांनी न आखलेला वेळ जास्त होता, ती मुलं स्वतःहून ठरवून करायच्या कामात सरस दिसली. २०१४ च्या या अभ्यासात फक्त परस्परसंबंध दिसला, कारण सिद्ध झालं नाही. तरीही प्रत्येक तास भरून टाकण्याआधी थांबावं, इतकं वजन त्याला नक्की आहे.

मुलं चौदा वर्षांची झाली की हाच सराव मोठ्या कामी येतो. 'एनआयओएस' या राष्ट्रीय मुक्त शाळेच्या दहावीला त्या वयापासून बसता येतं. नोंदणी पाच वर्षं चालते, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि विषय एकेक करून देता येतात. गणित आधी की शेवटी, एका वेळी दोन विषय झेपतील की तीन, हा हिशोब आपण मांडून देऊ नये. जुन्या वह्या काढून मुलांनाच बसू द्यावं.