संविधानवाचन, चळवळींचे (नागपूर)

राज्यघटनेतील एखादा शब्द, अनुच्छेद किंवा यादीतली नोंद हाती धरून चळवळी तिचा जो अर्थ लावतात, तो. न्यायालयाने लावलेला अर्थ निकालपत्रात सापडतो. चळवळीचा अर्थ फलकावर, शपथेत आणि घोषणेत. दीक्षाभूमी, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे रेशीमबाग, विधानभवन आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ एकाच शहरात असल्याने नागपुरात ही वाचने रोज समोरासमोर येतात.

आंबेडकरी चळवळ उद्देशिकेपासून सुरुवात करते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना जुलै १९४२ मध्ये नागपुरात झाली, रिपब्लिकन पक्षाचीही ३ ऑक्टोबर १९५७ रोजी इथेच. मधल्या काळात १४ ऑक्टोबर १९५६ चा धम्मदीक्षा सोहळा झाला. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ च्या रेडिओ भाषणात सांगितले होते. त्यामुळे इथला अनुयायी उद्देशिका आणि धम्म एकमेकांपासून वेगळे काढत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या दुकानांतून संविधानाची प्रत विकत घेऊन, पिशवीत जपून गावी नेणारी माणसे दिसतात. हे वाचन सर्वांत खोल रुजले, कारण ते घराघरांत पोचले.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची भूमिका बदलत गेली. संविधानसभेने घटना स्वीकारल्यावर चारच दिवसांनी, ३० नोव्हेंबर १९४९ च्या अंकात, संघविचाराच्या ‘ऑर्गनायझर’ साप्ताहिकाने तिच्यात मनूच्या कायद्यांची दखलही नसल्याची टीका केली. सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीतील व्याख्यानमालेत सरसंघचालक मोहन भागवत यांनी उद्देशिका वाचून दाखवली आणि संघ संविधान मानतो असे सांगितले. हा बदल मनापासूनचा की सोयीचा, यावर शहरात अजून कडाक्याचे वाद होतात. दोन्ही तारखा मात्र नोंदलेल्या आहेत आणि एकीमुळे दुसरी पुसली जात नाही.

विदर्भवादी अनुच्छेद ३ वर बोट ठेवतात : नवे राज्य निर्माण करण्याचा अधिकार संसदेचा. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, आणि मराठी भाषकांची एकाहून अधिक राज्ये असावीत असे बाबासाहेबांचेही मत होते. महाराष्ट्रात राहिलेल्या विदर्भाच्या वाट्याला अनुच्छेद ३७१(२) आला. त्यात विकासनिधीच्या समन्यायी वाटपाची तरतूद आहे, पण ‘संपूर्ण राज्याच्या गरजा लक्षात घेऊन’. विदर्भाच्या विकासातल्या अनुशेषाचा (राहिलेल्या तुटीचा) हिशेब मांडणारे पहिला भाग वाचतात, निधी वळवणारे दुसरा. त्याखालील वैधानिक विकास मंडळे १९९४ मध्ये आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

सर्वांत जीवघेणे वाचन गोवारी समाजाचे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. या दोन शब्दांमध्ये स्वल्पविराम हवा होता, म्हणजे गोंड वेगळे आणि गोवारी वेगळे, असे समाजाचे म्हणणे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हीच मागणी घेऊन गुरे राखणारी ही माणसे बायकामुलांसह हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन आली. निवेदन घ्यायला सरकारतर्फे कोणी यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण मरण पावले. एका विरामचिन्हाची एवढी किंमत कोणत्याही समाजाला मोजावी लागू नये.

पुढे १४ ऑगस्ट २०१८ रोजी नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. ‘गोंड गोवारी’ नावाची जमात १९११ पूर्वीच नामशेष झाली होती, म्हणून नोंद गोवारींचीच, असा त्याचा आधार होता. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मधल्या काळात घेतलेले प्रवेश आणि नोकऱ्या मात्र कायम ठेवल्या. यादीतील शब्द आहेत तसेच वाचायचे, हा दंडक त्याच न्यायालयाने २००० मध्ये विदर्भातल्या हलबा कोष्टींच्या, म्हणजे यादीतल्या ‘हलबा’ नोंदीत स्वतःला मोजणाऱ्यांच्या, प्रकरणात घालून दिला होता. अनुच्छेद ३४२(२) प्रमाणे यादीत भर घालणे किंवा तीतून नाव वगळणे संसदेच्याच हाती आहे. त्यामुळे गोवारींची लढाई आता दिल्लीकडे वळली आहे. दर २३ नोव्हेंबरला झिरो माइलजवळच्या शहीद स्मारकावर समाज फुले वाहायला जमतो.