विहिरीचं पाणी, हळदीचा डाग आणि कबुली

खुनाच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं : 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' सांगलीत सकाळच्या चहाबरोबर पेपर वाचताना हे वाक्य आलं की वाचणाऱ्याच्या लेखी तपास संपतो. माझ्याही लेखी बरीच वर्षं संपत असे. पण पोलिसांसमोरची ही कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही. असं का, याचं उत्तर जेवढं कायद्यात आहे तेवढंच प्रयोगशाळेतही आहे.

समजा, वाळवा तालुक्यातल्या एका गावात एक माणूस विहिरीत मेलेला सापडला. डोक्याला जखम आहे. आदल्या संध्याकाळी तो शेजाऱ्याबरोबर दूध डेअरीवर दिसला होता आणि दोघांचा बांधावरून वाद होता. शेजाऱ्याच्या सदऱ्यावर तांबूस डाग आहे. तिसऱ्या दिवशी तो कबुली देतो आणि उसाच्या फडातून कोयता काढून देतो. खून होताना पाहिलेला कुणीही नाही. गाव म्हणेल, आता आणखी काय हवं?

कबुली घटकाभर बाजूला ठेवू आणि उरलेल्या गोष्टी एकेक करून पाहू.

आधी डाग. सांगली ही हळदीची पेठ. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीच्या पिवळ्या डागाला साबण लागला की तो लालसर होतो, हे इथल्या घराघरात ठाऊक आहे. हळदीतलं कुर्क्युमिन क्षार लागताच रंग बदलतं. म्हणजे डोळ्यांना दिसणारा तांबूस रंग रक्ताचाच, असं म्हणता येत नाही. म्हणून पहिली चाचणी रसायनाची. डागावर रंगहीन केलेल्या फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनमुळे गुलाबी रंग झटकन उमटतो. पण मुळ्यासारख्या भाज्यांमधली काही विकरंही असा रंग आणू शकतात, आणि पेरॉक्साइड टाकण्याआधीच रंग आला तर गंजासारख्या पदार्थाचा संशय घ्यावा लागतो. म्हणून ही चाचणी 'रक्त असू शकेल' एवढंच सांगते. रक्त माणसाचं की जनावराचं हे पुढच्या चाचणीत कळतं, आणि कोणत्या माणसाचं हे डीएनएवरून. कोर्टात ज्याला सगळे 'सीए रिपोर्ट' म्हणतात, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा (केमिकल ॲनालायझर) अहवाल, त्यात पुष्कळदा 'मानवी रक्त, रक्तगट अनिर्णित' एवढंच लिहिलेलं असतं. उसात राबणाऱ्या माणसाच्या सदऱ्यावर मानवी रक्त असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. उसाच्या पाल्याने हातांना चरे पडतात, ते रक्त त्याचंच असू शकतं.

कोयत्याचंही तसंच. वाळव्यात ज्याच्या घरी कोयता नाही असं घर शोधावं लागेल. एखादी वस्तू निर्दोष माणसाकडेही तितक्याच सहज सापडणार असेल, तर ती सापडल्याने दोषी आणि निर्दोष यांच्यात फरक करता येत नाही. पुरावा तोलण्याचं सगळं गणित या एका प्रश्नावर उभं आहे : हा माणूस निर्दोष असता, तर ही गोष्ट दिसण्याची शक्यता किती कमी झाली असती? शेजारी शेजाऱ्याबरोबर डेअरीवर दिसणं? जवळजवळ रोजचंच. बांधाचा वाद? तो तर गावोगाव आहे.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती विहीर. माणूस जिवंतपणी पाण्यात पडला की मेल्यावर कुणी टाकला, हे पाण्यातले सूक्ष्मजीव सांगू शकतात. डायाटम नावाच्या एकपेशीय शैवालांना मराठीत करंडक वनस्पती म्हणतात, कारण त्यांचं कवच झाकण लावलेल्या करंड्यासारखं दोन भागांचं असतं. हे कवच सिलिकाचं, म्हणजे वाळूत असतं त्याच द्रव्याचं. बुडणारा माणूस श्वासाबरोबर पाणी आत ओढतो. त्यातले बारीक डायाटम फुप्फुसाच्या फाटलेल्या वायुकोशांतून रक्तात शिरतात आणि धडधडणारं हृदय त्यांना थेट हाडांच्या मगजापर्यंत पोचवतं. हृदय आधीच थांबलेलं असेल तर फुप्फुसात पाणी झिरपलं तरी मगजापर्यंतचा प्रवास होत नाही. म्हणून शवविच्छेदनात मांडीच्या हाडातला मगज घेतात आणि तीव्र नायट्रिक आम्लात उकळतात. मांस विरघळतं, सिलिकाची कवचं उरतात. ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून विहिरीच्या पाण्यातल्या कवचांशी ताडतात.

ही चाचणीही निर्विवाद नाही. डायाटम कमी असलेल्या पाण्यात बुडालेल्याच्या मगजात काहीच सापडत नाही, आणि प्रयोगशाळेतल्या पाण्यातून किंवा भांड्यातून कवचं नमुन्यात शिरू शकतात. शिवाय पाण्यातले डायाटम ऋतूप्रमाणे बदलतात. कृष्णेकाठी तर २०१९ सारखा महापूर आला की नदी आणि विहीर यांचं पाणी एकच होतं. विहिरीच्या पाण्याचा नमुना प्रेत काढलं त्याच दिवशी भरून मोहोरबंद केला नाही, तर महिन्याभराने घेतलेल्या बाटलीचा उपयोग जवळजवळ नाही. आपल्या प्रकरणात मगजात विहिरीतलेच डायाटम मिळाले, तर माणूस जिवंत पडला एवढं ठरेल. ढकलला, घसरला की त्याने उडी घेतली, हे ठरणार नाही. डोक्याची जखम काठावरच्या दगडाचीही असू शकते.

आता कबुली परत आणू. निर्दोष माणूस न केलेला खून कशाला कबूल करेल, हा प्रश्न सगळे विचारतात. मारहाण हे एक कारण झालं, पण मारहाण लागतेच असं नाही. १९९६ साली सॉल कॅसिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्याबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना संगणकावर अक्षरं टाइप करायला बसवलं आणि एका विशिष्ट कळीला हात लावू नका, नाहीतर संगणक बंद पडेल, असं बजावलं. मग संगणक मुद्दाम बंद पाडला आणि त्यांच्यावर ती कळ दाबल्याचा आळ घेतला. कळ कुणीच दाबली नव्हती. तरी ६९ टक्के विद्यार्थ्यांनी कबुलीवर सही केली आणि २८ टक्क्यांना तर आपण ती खरंच दाबली असं वाटू लागलं. टायपिंगचा वेग वाढवून वर एक खोटा साक्षीदार उभा केला, तेव्हा सगळ्यांनी सही केली. त्यांच्यावर कुणी साधा आवाजही चढवला नव्हता. कोठडीतली तिसरी रात्र काय करत असेल याची कल्पना करावी.

इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये १९८३ आणि १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुली दिली. पहिलाही त्याच्यावर सिद्ध व्हावा म्हणून पोलिसांनी ॲलेक जेफ्रीज यांच्याकडे नमुने पाठवले. डीएनएचा ठसा ओळखण्याची पद्धत त्यांनी १९८४ सालीच शोधली होती. निकाल आला : दोन्ही खून एकाच माणसाचे, पण तो हा मुलगा नव्हे. हजारो पुरुषांचे रक्ताचे नमुने घेतल्यावर खरा खुनी सापडला आणि १९८८ साली त्याला जन्मठेप झाली. खुनाच्या तपासात डीएनएने पहिल्यांदा काय केलं असेल, तर कबुली दिलेल्या एका निरपराध मुलाला सोडवलं.

कबुली आणखी एक नुकसान करते. बोटांच्या ठशांच्या पाच तज्ज्ञांना, त्यांनीच पूर्वी जुळतात म्हणून सांगितलेले ठसे, 'हे एका गाजलेल्या प्रकरणातले न जुळणारे ठसे आहेत' असं सांगून पुन्हा दाखवले गेले. पाचपैकी चौघांचं मत बदललं. इटिएल ड्रॉर या संशोधकाचा हा २००६ सालचा अभ्यास. ठसे तेच होते, बदलली होती फक्त कानावर पडलेली गोष्ट. 'आरोपीने कबूल केलंय' हे वाक्य डाग तपासणाऱ्याच्या, पंचांच्या आणि डेअरीवरच्या साक्षीदाराच्या कानावर गेलं की त्यांचे पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. सगळे एकाच वाक्याचे प्रतिध्वनी होतात.

१८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांसमोरची कबुली बाद ठरवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही ते तसंच आहे. अपवाद एक : कोठडीतल्या माणसाने दिलेल्या माहितीवरून नवी वस्तुस्थिती उघड झाली, तर त्या माहितीतला तेवढाच भाग ग्राह्य. १९४७ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, या अपवादाची मर्यादा आखून दिली. 'घराच्या छपरात लपवलेला सुरा काढून देतो' हे चालेल, 'त्याच सुऱ्याने मी भोसकलं' हे चालणार नाही. मला ही विज्ञानाचीच रीत वाटते. आधी माहीत नसलेली गोष्ट सांगावी आणि ती पडताळून खरी निघावी. पोलिसांना फडातला कोयता आधीच दिसला असेल, तर या पडताळणीत काही उरत नाही.

१९८४ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं सांगितली. त्यांचा गाभा असा की प्रत्येक दुवा आधी स्वतः पूर्ण सिद्ध झाला पाहिजे, आणि सगळे मिळून आरोपीच्या निर्दोषपणाची प्रत्येक वाजवी शक्यता नाहीशी झाली पाहिजे. आपल्या शेजाऱ्याच्या बाबतीत तेवढं झालेलं नाही.

साक्ष्य अधिनियमाबरोबरच लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण बंधनकारक केलं आहे. प्रत्येक पोलिस ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही हवा आणि चित्रण किमान वर्षभर जपावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० सालीच सांगितलं आहे. फडात कोयता उचलतानाचं चित्रण उपयोगी आहेच, पण मला त्याआधीचे तास पाहायचे आहेत. त्या खोलीत 'कोयता' आणि 'फड' हे शब्द पहिल्यांदा कोण बोललं, शेजारी की विचारणारा, हे तिथेच कळेल.