सेलीनी की आर्टेमिस? ग्रीकांची चंद्रदेवी नक्की कोणती

आपल्याकडे चंद्र म्हणजे मामा, आणि पुराणात बघाल तर नवरा. दक्षाच्या २७ मुली त्याच्या बायका, त्याचा सगळा जीव एकट्या रोहिणीवर, मग बाकीच्या बापाकडे तक्रार घेऊन गेल्या आणि दक्षाच्या शापाने तो झिजायला लागला. त्यामुळे चंद्र बाई आहे असं मनात आणायला आपल्याला जरा वेळ लागतो. ग्रीक लोकांना तो प्रश्नच नव्हता, त्यांच्याकडे चंद्र ही बाईच. पण ती बाई कोण असं विचारलं की हल्ली बहुतेकजण पटकन आर्टेमिस म्हणतात, कारण नासाच्या नव्या चांद्रमोहिमांचं नाव तेच आहे, पहिली २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गेली, आणि तेव्हापासून "अपोलोची जुळी बहीण, चंद्राची देवी" हे वाक्य सगळीकडे फिरतंय.

यातलं अपोलो या ग्रीक देवाची जुळी बहीण हे एकदम बरोबर आहे. चंद्राची देवी हे मात्र तिला बरंच नंतर चिकटलंय, मूळची चंद्रदेवी वेगळी आहे आणि तिचं नाव सेलीनी.

सेलीनी वयानेसुद्धा आधीची. जुना ग्रीक कवी हेसिअड याच्या काव्यात ती हायपेरियन आणि थिया या टायटन, म्हणजे झ्यूसच्या आधीच्या पिढीतल्या देवांच्या, जोडप्याची मुलगी, भाऊ हीलिऑस म्हणजे सूर्य आणि बहीण ईऑस म्हणजे पहाट. महत्त्वाचं हे की ती चंद्राची अधिकारी वगैरे नाहीये, ती स्वतःच चंद्र आहे. तिच्या जुन्या स्तोत्रात ती समुद्रात आंघोळ करते, लखलखीत कपडे घालते, घोडे जुंपते आणि महिन्याच्या मध्यावर पूर्ण तेजात आकाशात येते, म्हणजे पौर्णिमाच की. तिची प्रेमकथा पण आहे. लात्मोस डोंगरावरच्या गुहेत, आजच्या तुर्कस्तानात, एंडिमियन नावाचा देखणा तरुण कायमचा झोपलाय आणि ही रात्री त्याला भेटायला खाली उतरते. एका परंपरेत तिला त्याच्यापासून ५० मुली झाल्या, आणि दोन ऑलिंपिकच्या मधे साधारण तेवढेच चांद्रमास येतात म्हणून अभ्यासक त्या मुलींचा संबंध त्या महिन्यांशी लावतात. मला हे फार आवडतं, कारण आपल्या गोष्टीतपण चंद्राचा संसार हा हिशोबच आहे, २७ नक्षत्रं म्हणजे त्याचे महिनाभराचे मुक्काम.

आता आर्टेमिस. देवांचा राजा झ्यूस आणि लेटो यांची मुलगी, डेलोस बेटाशी जोडलेली, हातात धनुष्य, सोबत शिकारी कुत्रे, रानातली जनावरं, कुमारिका आणि बाळंतीण बायका यांची राखणदार. होमरच्या इलियड महाकाव्यात झ्यूसची बायको हेरा तिच्याच धनुष्याने तिला झोडपते आणि ती रडत झ्यूसकडे जाते, पण त्या सगळ्या प्रसंगात चंद्राचा संबंध कुठेच नाही. आणि ती कडक ब्रह्मचारिणी, अ‍ॅक्टिऑन नावाच्या शिकाऱ्याने तिला चुकून आंघोळ करताना पाहिलं तर तिने त्याला हरीण करून टाकलं आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडला. ही देवी रोज रात्री एका झोपलेल्या पोराला बघायला गुहेत जाईल? शक्यच नाही.

पुरावा हवा तर अथेन्सचं पार्थेनॉन बघा, इ.स.पू. ४४७ ते ४३२ मधलं. पूर्वेकडच्या छपराखालच्या त्रिकोणात एका कोपऱ्यातून हीलिऑसचे घोडे वर येतायत आणि दुसऱ्या कोपऱ्यात सेलीनीचे घोडे क्षितिजाखाली चाललेत. त्यातल्या एकाचं डोकं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तोंड उघडं, रात्रभर पळून दमलेलं, इतकं जिवंत की दगड आहे हे विसरायला होतं. आणि त्याच पूर्व बाजूला आतल्या कोरीव पट्टीवर देव बसलेत त्यात अपोलोशेजारी आर्टेमिस. म्हणजे एकाच देवळात दोघी, वेगवेगळ्या कामावर.

मग घोळ कुठे झाला, तर भावामुळे. अपोलोला लोक हळूहळू सूर्य मानायला लागले, मग सूर्याची बहीण चंद्र असणार म्हणून आर्टेमिसकडे चंद्र आला. बाळंतपणाचा आणि चंद्राचा संबंध जुने लोक लावायचेच, तोही तिच्या पथ्यावर पडला. रोममध्ये आर्टेमिसची झाली डायना आणि सेलीनीची लूना, दोघींची देवळं अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवर पण वेगवेगळी, लूनाचं इ.स. ६४ च्या मोठ्या आगीत जळालं. कवींनी मात्र दोघींना एकच करून टाकलं होतं, कॅटुलसच्या स्तोत्रात डायनालाच लूना म्हटलंय आणि तिचा प्रकाश उसना आहे असंही. माझ्या मते यात सेलीनीवर अन्याय झाला, आर्टेमिसकडे आधीच शिकार, रान, बाळंतिणी एवढं सगळं होतं, सेलीनीकडे चंद्राशिवाय होतं काय.

आणि युरोपात सगळीकडे चंद्र बाई होता असंही समजू नका, उत्तर युरोपातल्या नॉर्स लोकांचा चंद्र मानी हा भाऊ आणि सूर्य सोल ही बहीण, एकदम उलटं.

म्युझियममध्ये ओळखायचं झालं तर चंद्रकोरीवर जाऊ नका, ती नंतर डायनाच्या कपाळावर पण आली. धनुष्य, भाता, कुत्रा किंवा हरीण, आखूड झगा दिसला की आर्टेमिस. रथ, वाऱ्याने डोक्यामागे फुगलेली ओढणी आणि खाली झोपलेला तरुण दिसला की सेलीनी, रोमन दगडी शवपेट्यांवर हे दृश्य पुष्कळ आहे. नंतरच्या युरोपियन चित्रांखाली मात्र याच दृश्याला "डायना आणि एंडिमियन" असं नाव दिलेलं सापडेल, तिथे पाटी काहीही म्हणो, गोष्ट सेलीनीची आहे.